पावण्याची आगबोट लाईन

त्याला पोहता येत नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं मुख्य गोष्ट झाकून ठेवली. कृष्णेच्या पात्रातून रोज माणसं पलीकडं नेणारा माणूस, आणि पाणी कमरेच्या वर आलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तोंडावर विचारलंही होतं.

"पावणं, पवायला येत न्हाई आन् बोट चालवतासा?"

तो म्हणाला, "पवायला येणारा माणूस बोटीची काळजी घेत न्हाई, थोरलं. त्येला म्हाईत असतंय, आपुन निघून जाऊ."

उत्तर चोख होतं. म्हणूनच मला संशय आला. ज्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, तो उत्तरं आधी करून ठेवतो. आणि आधी करून कोण ठेवतं? ज्याला काही लपवायचं असतं तो. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पण बैलाच्या बाजारात माझी उमर गेली. दात बघितल्याशिवाय मी बैल घेत नाही आणि माणूसही घेत नाही.

आता तो कुठला, ते ऐका. आटपाडीचा! आटपाडी म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेचा दुष्काळी मुलूख. तिथं म्हशीला अंघोळ घालायची तर म्हशीनं पाऊस पडायची वाट बघावी. तिथला हा माणूस आमच्या गावात येऊन सांगायचा की मी आगबोटीवर होतो. परमुलखाच्या आगबोटीवर, हजार माणूस घेऊन हिंडणाऱ्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या मागं तो आला. आमच्या गावात त्याची बहीण दिलेली होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. बहिणीची पोरं त्याला मामा म्हणायची, म्हणून गाव मामा म्हणायला लागलं. मी नाही म्हटलं. मी शेवटपर्यंत त्याला 'पावणं' म्हणालो. माझा मामा एकच, तो कवाच वारला.

तेव्हा आमच्याकडं साखर कारखान्याचा जोर झाला होता. सगळा ऊस कारखान्याला जायला लागला आणि घरोघरची गुऱ्हाळं बंद पडली. गुऱ्हाळ बंद पडलं की काईल रिकामी. नव्या पोरांना सांगायला लागतं म्हणून सांगतो, काईल म्हणजे गूळ करायची कढई. गोल, पसरट, लोखंडी पत्र्याची. तिच्यात सात-आठ माणसं मांडीला मांडी लावून बसतात. नदीकाठच्या आमच्या लोकांनी पुरात पूर्वीपासून काईली पाण्यात टाकलेल्या आहेत, ते काही त्याचं डोकं नव्हे. पण पूर ओसरला की आम्ही काईल गुऱ्हाळाच्या चुलाणावर परत न्यायचो. यानं ती पाण्यातच ठेवली. गावच्या जुन्या नावेची फळी कुजली होती, नाववाल्याची पोरं कारखान्यात लागली होती. पावण्यानं मेव्हण्याची काईल घेतली, तिच्या काठाला पांढरा पट्टा मारला, एका वेळूला लाल फडकं बांधलं, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि म्हणाला, "आमची लाईन चालू."

लाईन! एक कढई आणि लाईन!

काईल निघाली की तो इतिहास सांगायचा. रोज तोच. वेळू पाण्यात टाकला की सुरू. "पैल्यांदा कंपनीकडं एकच आगबोट हुती. तीबी दुसऱ्यानं टाकलेली, जुनी. लोक हसायची. मालक म्हणला, हसू द्या, हसणारीबी बसत्याल. तिला रंग दिला, आत पलंग टाकलं. मग दुसरी घेतली. दुसरीत जेवायचा दिवाणखाना. मग तिसरी, तिच्यात वर नाचायची जागा…" असं करत करत तो आठव्या-नवव्या आगबोटीपर्यंत यायचा तेवढ्यात पलीकडचा काठ लागायचा. माणसं हलायची नाहीत. म्हणायची, मामा, नववीचं उद्या सांगा. म्हाताऱ्या बाया तर उगीच पलीकडं जाऊन परत यायच्या.

मी मात्र कान टवकारून असायचो. एकदा मी धरलं त्याला.

"पावणं, दुसरी बोट परवा काळी म्हणलासा. आज पांढरी?"

"रंग दिला."

"कवा?"

"दर वरसाला देत्यात. लोखंड हाय, थोरलं. मीठ खातंय त्येला."

काईलीतली सगळी हसली. माझ्यावर. मी ते विसरलो नाही.

आमच्या गावात एक सुभेदार होते. मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीतून सुटून सासुरवाडीत राहिलेले. लढाईच्या काळात ते सरकारी आगबोटीतून परदेशी जाऊन आले होते. मी त्यांना म्हणालो, तुम्ही याची परीक्षा घ्या. सुभेदार काईलीत बसले, मिशीला पीळ दिला आणि हुकमी आवाजात म्हणाले, "काय रं, बोटीवर झोपायला कुठं हुतास?"

"खाली, इंजनाशेजारी."

"सकाळच्याला पैला वास कशाचा यायचा?"

"कांद्याचा."

"कांद्याचा? समिंद्राचा न्हाई?"

"समिंदर वरच्यांना, सुभेदार. मी भटारखान्यात हुतो. हजार माणसाचा कांदा मी चिरायचो. डोळ्यातनं पाणी, भाईर पाणी. वरची माणसं जलसा करायची आन् आमी कांदा."

सुभेदार उतरल्यावर मला म्हणाले, "बोटीवर हुता. कांद्याचं खरं हाय."

मी म्हणालो, "कांदा आटपाडीतबी चिरत्यात."

आता त्याच्या नियमाकडं येतो. खरी गोष्ट तीच आहे.

त्याच्या लाईनीचा नियम असा की, एका घरची दोन माणसं एका काईलीत बसवायची नाहीत. बाप एकीत, लेक दुसरीत. नवरा या खेपेला, बायको पुढच्या. आई आणि अंगावरचं पोर तेवढं चालायचं, ते एकच धरायचं म्हणे. आधी काईल एकच होती, तेव्हा माणसं काठावर ताटकळायची. शिव्या द्यायची. तो शिट्टी वाजवून गप उभा. शेवटी लोकांनीच बोंब मारली की दुसरी काईल आणा. मग दुसऱ्या बंद गुऱ्हाळाची आली. मग तिसरी. गुऱ्हाळावरचे गुळवे बसून होते, त्यांना काईलीची सवय, तेच त्यानं वेळू हातात देऊन उभे केले. अशी लाईन वाढत गेली. आगबोट कंपनीच्या इतिहासात आमच्या काईली शेपटाला जोडायला लागला तो. "मग नववी आली, तिच्यात दवाखाना. मग दहावी, ही वरल्या आळीची, हिच्यात दोन ठिगळं." शेवटी शेवटी आयाबायांना कळेना, कुठली बोट समुद्रातली आणि कुठली कृष्णेतली.

लोक म्हणाले, पैशासाठी करतो. दोन खेपा, दुप्पट भाडं. पण तो रोजचं भाडं घेतच नव्हता. सुगी झाली की घरटी धान्य घ्यायचा, जुन्या नाववाल्यासारखं. दहादा पलीकडं जा नाहीतर एकदा. मग याला घरं फोडून मिळतं काय? मला तेच कळेना. पैसा खाणारा माणूस कळतो. काहीच न खाणाऱ्याची भीती वाटते.

विचारलं तर दर वेळी वेगळं. एकाला सांगायचा, कंपनीचा नियम. दुसऱ्याला, वजन सारखं पडत नाही. तिसऱ्याला म्हणाला, एका घरची दोन माणसं भांडायला लागली की बोट हालती.

एकदा वऱ्हाड आलं. पलीकडच्या गावचा नवरा, आमची पोरगी. लग्न लागलं, जेवणं झाली, वऱ्हाड घाटावर आलं. नवरानवरीच्या शेल्याची गाठ बांधलेली. ती गाठ घरी देवापुढं सोडायची, वाटेत नाही. आणि आमच्या पावण्यानं शिट्टी वाजवली.

"नवरी ह्या काईलीत. नवरदेव त्या काईलीत."

वरबाप तांबडालाल. "आवं मामा, डोकं फिरलंय का? गाठ बांधलीया!"

"म्हणूनच. सकाळी दोन घरं हुती. आता एक झाल्यात."

"सकाळी येताना मला आन् पोराला येगळं बसवलंस, मी गप बसलो. आता न्हाई बसणार."

"नका बसू. उभं ऱ्हावा. लाईन जात न्हाई."

ऊन डोक्यावर. बँडवाल्यांच्या पिपाण्या तापल्या. करवल्या रडायच्या बेतात. नवरीच्या आईनं त्याचे पाय धरायचे तेवढे ठेवले. शेवटी त्यानंच काढलं. दोन काईली शेजारी शेजारी लावल्या, आडवे दोन वासे टाकून सुताच्या दोरानं बांधल्या. नवरी एकीत, नवरदेव दुसरीत, आणि मधल्या फटीवरून शेल्याची गाठ. खाली कृष्णा. तसं ते वऱ्हाड निघालं. आम्ही काठावर उभे. बँडवाला वाजवायचं विसरला.

मी ओरडलो, "पावणं, बांदल्यावर दोनाची एकच झाली की! बुडली तर दोन्ही बुडणार!"

त्यानं मागं बघितलं नाही. कमरेचा कोयता काढून वर दाखवला. सगळ्या वाटेनं तो त्या वाशावर बसला होता, कोयता दोरावर टेकवून. तेव्हा मात्र मला कळलं. हा माणूस खेळ करत नव्हता.

त्या दिवसापासून जोडकाईल लाईनीत आली. म्हशी, सायकली, खताची पोती तिच्यातून जायला लागली.

आमच्या घरचं सांगायचं म्हणजे आम्ही दोघं भाऊ. मी थोरला, तो धाकला. निम्मी जमीन नदीपलीकडं. बैलं तिकडच्या वस्तीवर. सकाळी दोघं जायचो, दिवस मावळताना यायचो. घरापासून घाटापर्यंत उसातली पायवाट, एकामागं एक चालायचं. पुढच्याच्या पाठीशी काय बोलणार? पलीकडं गेलं की तो वरच्या पट्टीत, मी खालच्या. घरी बायका, पोरं, आल्यागेल्याचे कान. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो ते फक्त नावेत. उसाला पाणी कधी, बैल विकायचा का, पोरीला कुठं द्यायची, सगळं त्या जुन्या नावेत ठरलंय. वडील गेल्यावर कर्तेपण माझ्याकडं आलं, तेही धाकल्यानं नावेतच मला सांगितलं. "आण्णा, आता तूच बघ सगळं," म्हणाला, आणि पाण्यात बघत राहिला.

पावण्याच्या नियमानं आमची ती बैठक मोडली.

पहिल्या दिवशी मी भांडलो. "आमी सख्खं भाऊ हाय. जल्मभर एका ताटात जेवलोय."

"म्हणूनच," तो म्हणाला. त्याला हा एक शब्द फार आवडायचा.

मग मी एका काईलीत, धाकला दुसऱ्या. त्याच्या काईलीत आमच्या बांधाकडेचा एक असायचा, कुणाच्याही घरात काडी टाकून हात शेकणारा. रोज जाताना-येताना धाकल्याच्या कानाशी. थोरला खालचं काळं रान आपल्या पोराला ठेवणार, तुला वरचा माळ देणार. थोरल्याच्या बायकोनं पेटीत हे ठेवलं, ते ठेवलं. मी शेजारच्या काईलीतून बघायचो, धाकल्याची मान हलायची. पाण्यावरून शब्द येत नाहीत, पण हलणारी मान दिसते. दोन सुग्या गेल्या. तिसऱ्या सुगीला धाकल्यानं वाटणी मागितली.

मी एका शब्दानं नको म्हणालो नाही. मागणाऱ्याला द्यावं. आमच्यात हात पसरत नाहीत आणि आखडतही नाहीत.

पंच बसले. रान वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. अंगणात काईल राहिली.

ही आमच्या वडिलांची काईल. अख्ख्या नदीकाठात एवढी मोठी दुसरी नव्हती. वडिलांनी सांगलीहून बैलगाडीत घालून आणली, तेव्हा गाव बघायला आलं होतं. गुऱ्हाळ बंद पडल्यापासून ती अंगणात पालथी होती, खाली कोंबड्या. मी म्हणालो, काईल थोरल्याची. धाकला म्हणाला, गूळ मी ढवळलाय, काईल माझी. एक पंच म्हणाला, मोडीत घाला. आम्ही दोघांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं टोपी सारखी केली.

तेवढ्यात हा आला. पंचांच्या मधून चालत गेला, काईलीला बोटाच्या पेरानं ठोकलं आणि कान लावला. हे तो आधीही करायचा. गावात आला त्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी ताक प्यायला आला होता, ताक पिताना त्याचे डोळे काईलीवरच होते, आणि जाताना असंच ठोकून गेला होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

"माझ्या लाईनीला द्या," तो म्हणाला.

मी उठलो. "ह्येच हुतं न्हवं तुमच्या पोटात? आमाला दोन काईलीत बसवलंसा ते ह्येच्यासाठीच न्हवं?"

धाकल्यानं मान वर करून पावण्याकडं बघितलं. त्याच्याही डोक्यात तेच आलं असणार.

तो म्हणाला, "डोळा हुता. पैल्या दिवसापास्नं. ताक पिऊन उठलो तवाच ठरवलं, ही माझ्या लाईनीत येणार. खोटं कशाला बोलू?"

असा माणूस. चोरावर ओरडावं तर तो म्हणतो, व्हय, चोरीच करायला आलोय. मग पुढं काय बोलायचं? मी म्हणालो, "न्हाई देत." धाकला म्हणाला, "मीबी न्हाई." वाटणीत आमचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

मग अंगणात भिंत घालायला गवंडी आणला. त्यानं दोन्हीकडून भिंत घेत आणली ती काईलीपाशी येऊन थांबली. काईल नेमकी मधोमध. निम्मी माझ्यात, निम्मी त्याच्यात. मी हलवू देईना, तो हलवू देईना. भिंतीला भगदाड, भगदाडात काईल, काईलीखाली कोंबड्या. कोंबड्या दोन्हीकडच्या. बोलणं बंद. पाण्याची पाळी पोराच्या तोंडी कळवायची.

नदीवर आम्ही दोन वेगळ्या काईलीतून जायचो. आता नियम नसता तरी गेलो असतो.

एक दिवस आक्का, त्याची बहीण, आमच्या दारात आली. ती मला म्हणाली, "माझ्या भावाला बोल लावतासा, पर त्येचं ऐका." आणि तिनं सांगितलं. आटपाडीत त्यांच्या बापानं आणि दोन थोरल्या भावांनी विहीर पाडायला घेतली होती. पाणी लागेना, खाली खाली जात होते. एका दुपारी तिघं एकाच पाळण्यातून वर येत होते. दोर तुटला. वर दोरावर हाच होता, धाकटा. त्यानंतर तो घरात राहिला नाही. जिथं पाणी लय आहे तिथं जातो म्हणाला आणि गेला तो आगबोटीवर.

मी म्हणालो, "बहीण भावाची बाजू घेणारच." ती उठून गेली.

पण दुसऱ्या दिवशी मी काईलीत त्याला विचारलंच. "पावणं, हिरीचं खरं का?"

"कुठली हीर?" तो म्हणाला. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा माणूस, त्यानं शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. पात्राच्या मधोमध. तिथं शिट्टीचं काही काम नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मी अंडी बघायला काईलीखाली वाकलो, तर वर चांदणी चमकल्यासारखा उजेड. बोट लावलं. पत्र्याला भोक. नीट बघितलं तर अशी बरीच. वडिलांची काईल गंजून चाळण व्हायला लागली होती. आमची इज्जत बाजूला राहू दे, पण वडिलांची काईल कोंबड्यांच्या अंगावर मरायला नको. मी घाटावर गेलो.

"न्या काईल. पर पैल्या खेपेला मी बसणार."

तो म्हणाला, "धाकलंबी सकाळी ह्येच सांगून गेलं. पैल्या खेपेला मी बसणार म्हणून."

"मग?"

"मग बसा की दोघं. आता तुमी एका घरचं कुठं हाय? वाटणी झाली. दोन घरं. दोन घरची माणसं लाईनीत एकत्र बसत्यात."

मी त्याच संध्याकाळी काईलीखालच्या कोंबड्या हाकलल्या.

त्याची एक रीत होती. नवी काईल पाण्यात टाकायच्या आधी तो ती काठावर उताणी ठेवून आत पाणी भरायचा आणि दिवसभर खाली बसून बघायचा, कुठं थेंब येतो का. "भाईरचं पाणी आत आल्यावर कळून उपेग न्हाई. आतलं भाईर आलं की आदी कळतंय." आमच्या काईलीच्या प्रत्येक भोकावर त्यानं डांबराचा गोळा दाबला आणि पाणी भरलं. मी स्वतः उभा राहून बघितलं. खालची वाळू कोरडी होती. हे ध्यानात ठेवा.

नारळ फुटला. घाटावर गाव जमलं होतं. मी बसलो. धाकला माझ्यासमोर. काईल समतोल राहायची तर समोरासमोरच बसावं लागतं, गुडघ्याला गुडघा. तिसरं कुणी त्यानं घेतलंच नाही. पहिली खेप हलकी न्यायची म्हणाला. असा नियम आधी कधी ऐकला नव्हता.

मी धाकल्याच्या डोक्यावरून पलीकडं बघत होतो. तो माझ्या खांद्यावरून. पावणा इतिहास सांगेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याची बोट मुक्यानं चालली होती.

मध्यावर गेलो आणि माझ्या टाचेला गार लागलं. दोघांच्या पायांच्या मधून पाणी वर येत होतं. बारीक धार, पण येत होतं. मी पावण्याकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

"आण्णा," धाकला म्हणाला. "टाच ठेव. टाच ठेव भोकावर."

मी ठेवली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पाणी उपसायला लागला. मी ओरडलो, "टोपीनं काय उपसतुयास, टोपी गळतीया! तांब्या घे!" पाण्याचा तांब्या माझ्याजवळच होता. त्यानं घेतला. तो उपसतोय, मी टाच दाबतोय. टाच घसरली, पाणी परत आलं. त्यानं आपला पाय माझ्या पायावर ठेवून दाबला. "हालवू नगंस. तुझी टाच आदीपास्नं ढिली."

"माझी ढिली? बैल हाणताना तुझीच घसरायची!"

"व्हय, आन् ठोकर खाल्ली कुणी? मी. तू हसत हुतास."

"मग रडू काय?"

असं करत काठ लागला. उतरताना त्यानं विचारलं, "खालच्या उसाला पाणी कवा देणार?" मी म्हणालो, "परवा. आधी तुझं घे." बस, एवढंच.

मी परत वाकून ते भोक बघितलं. बाकी सगळ्या भोकांवर डांबराचा काळा गोळा. या एकावर नाही. आणि मी बघितली तेव्हा वाळू कोरडी होती. म्हणजे कुणीतरी मागाहून खरवडलं. मी पावण्याचा हात धरला आणि उलटा केला. अंगठ्याच्या नखात डांबर. आता दिवसभर डांबर लावणाऱ्याच्या नखात डांबर असायचंच, हेही खरं. तो म्हणाला, "काय बघतासा, थोरलं? दात तोंडात असत्यात." मी हात सोडला. मला माहीत आहे ते मला माहीत आहे. पाण्याला एवढा भिणारा माणूस, आणि भर पात्रात, स्वतः आत बसून. मी आजवर हे कुणाला पटवू शकलो नाही, धाकल्यालाही नाही.

पुढं वरच्या अंगाला पूल झाला आणि लाईन बंद पडली. तो आटपाडीला गेला. जाताना काईली ज्याच्या त्याच्या दारात पोचवल्या. आमची घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, कुठं ठेवू? भिंतीचं भगदाड तसंच होतं. गवंड्याला सुगी झाल्यावर बोलावू म्हणत आम्ही दोघं बऱ्याच सुग्या घालवल्या होत्या. तिथून आता पोरं, भाकरी, भांडणं, सगळं जायचं-यायचं. मग काईल परसात ठेवली.

पण पूल व्हायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. वडिलांच्या काईलीत आम्ही दोघं समोरासमोर बसायला लागलो त्याला वर्ष झालं असेल. पाण्याच्या पाळ्या, बैल, पोरीचं स्थळ, परत सगळं काईलीत ठरायला लागलं होतं. बांधाकडेचा दुसऱ्या काईलीत एकटाच मान हलवायचा. त्या सकाळी आम्ही येऊन बसलो. पावण्यानं शिट्टी तोंडात धरली, आणि वाजवली नाही. तो माझ्या मांडीकडं बघत होता. मांडीवर भाकरीचं गठुडं होतं. एकच. धाकल्याच्या बायकोनं पहाटे भगदाडातून चटणी दिली होती, माझीनं भाकरी बांधल्या होत्या, एका फडक्यात.

"येक जण उतरा," पावणा म्हणाला.

"का?"

"तुमी एका घरची झालाय."

मला राग आला. "आवं पावणं, वाटणी झालीया! तलाठ्याकडं कागद हाय! पंचांच्या सह्या हायत!"

"आसत्याल. लाईन कागद बघत न्हाई. गठुडं येक हाय. येक जण उतरा."

"न्हाई उतरत. कायदा हाय. आमी दोन घरं हाय!"

"मग भाकरी येगळ्या दाखवा."

काठावरची माणसं हसायला लागली. मी गठुडं छातीशी धरून बसलो. मी उतरणार नव्हतो, आणि तो शिट्टी वाजवणार नव्हता, ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दिवस वर आला असता.

धाकलाच उठला. धोतर सावरलं, चिखलात उडी मारली आणि शेजारच्या काईलीत जाऊन बसला. तेव्हा शिट्टी वाजली. दोन्ही काईली निघाल्या. पावण्यानं वेळू पाण्यात टाकला आणि म्हणाला, "पैल्यांदा कंपनीकडं एकच आगबोट हुती…"

मी त्याच्याकडं बघतही नव्हतो. पलीकडच्या काईलीतून धाकला हाताचा भोंगा करून ओरडत होता.

"आण्णा! माझी चटणी खाऊ नगंस!"